म्हाताऱ्या कुत्र्याचा परत परत येणारा खोकला: मिरचीचा ठसका, श्वासनलिका की हृदय?

आमचा गोट्या ११ वर्षांचा. पांढरा पॉमेरेनियन, म्हणजे आमच्याकडे ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात तो. वजन ९ किलो, त्यातले निदान २ आईच्या हातच्या तूप-भाकरीचे. आम्ही नंदुरबारला राहतो आणि घरापासून हाकेच्या अंतरावर मिरचीच्या पथाऱ्या आहेत. ज्यांनी पथारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: दिवाळीच्या सुमाराला ओली लाल मिरची बाजारात यायला लागते आणि ती मोकळ्या मैदानावर उन्हात पसरून वाळवतात. सगळं रान लाल दिसतं. वारा फिरला की खकाणा थेट घरात, आणि माणसंसुद्धा ठसकतात.

गोट्याचा त्रास असा होता. दिवाळी झाली की खोकला सुरू. इंजेक्शन दिलं की चार-पाच दिवस गप्प, मग पुन्हा सुरू. खोकून खोकून शेवटी ओकल्यासारखं करायचा आणि चमचाभर पांढरा फेस बाहेर यायचा. पहिल्या हिवाळ्यात हे तीनदा झालं, दुसऱ्या हिवाळ्यात पाचदा. होळीनंतर आपोआप बंद. आईचं निदान दोन्ही वर्षं ठरलेलं: "मिरचीना ठसका शे, दुसरं काही नही." आम्हालाही ते पटलं होतं. तिसऱ्या वर्षी होळी झाली, पाडवा झाला, पथाऱ्या रिकाम्या झाल्या, खोकला मात्र राहिला.

पुढचं सगळं वाचण्याआधी एक गोष्ट. तुमच्या कुत्र्याच्या हिरड्या किंवा जीभ निळसर-राखाडी दिसत असेल, तो कोपर बाहेर काढून, मान लांब करून बसला असेल आणि आडवा व्हायला तयार नसेल, पोट भात्यासारखं चालत असेल, किंवा चक्कर येऊन पडला असेल, तर मोबाइल खिशात ठेवा आणि निघा. जाताना त्याला छातीशी आवळून धरू नका, गाडीची काच खाली करा आणि दवाखान्यात आधीच फोन करून ऑक्सिजन आहे का विचारा. तपासण्या नंतर होतील.

आधी हे खोकणंच आहे ना?

आम्ही पहिला महिना घशात हाडूक अडकलंय असं समजून घालवला. मी चक्क टॉर्च लावून त्याचं तोंड उघडून बघायचो. खोकल्याच्या शेवटी कुत्रं उबळ आल्यासारखं करतं, त्यामुळे बऱ्याच जणांना ती उलटी वाटते. उलटीत आधी पोट हलतं आणि अन्न नाही तर पिवळं पाणी पडतं. खोकल्यात आधी आवाज येतो आणि शेवटी थोडा फेस. तिसरा एक प्रकार आहे, उलटी शिंक: कुत्रं ताठ उभं राहून नाकाने घुर्र-घुर्र हवा आत ओढतं, अर्ध्या मिनिटात थांबतं आणि काही झालंच नाही असं शेपूट हलवत निघून जातं. ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते.

तोंडी वर्णन करत बसू नका, व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर कुत्रं हटकून एकदाही खोकत नाही. गोट्या तर डॉक्टरांच्या टेबलावर दहा मिनिटं अगदी सभ्य माणसासारखा बसून होता.

खोकला कधी येतो हेही लिहून ठेवा. पट्टा ओढला, पाणी प्यायला, दारात कोणी आलं म्हणून नाचला आणि बदक ओरडावं तसा कोरडा, वाजणारा खोकला आला, तर संशय श्वासनलिकेवर. रात्री झोपल्यावर किंवा पहाटे उठून बसून खोकत असेल आणि सोबत धाप असेल, तर हृदय आणि फुफ्फुसातलं पाणी. ओला खोकला, नाकातून शेंबूड, ताप, जेवणाला तोंड लावत नाही, तर न्यूमोनिया. कुत्र्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून 'गरम लागतंय' म्हणण्याला अर्थ नाही, थर्मामीटर लावा. हे सगळे नुसते अंदाज आहेत. गोट्याच्या बाबतीत यातले दोन एकाच वेळी खरे निघाले.

इंजेक्शनने बरं वाटतं, तिथेच आपण फसतो

दोन हिवाळे आम्ही ज्या दवाखान्यात जात होतो तिथे दर वेळी तीच दोन इंजेक्शनं आणि तेच सिरप मिळायचं. चिठ्ठीवर नावं नसायची. तिसऱ्या वर्षी मी हट्टाने विचारलं तेव्हा कळलं: एक अँटिबायोटिक, दुसरं स्टेरॉइड.

स्टेरॉइड श्वासमार्गाची सूज उतरवतं, मग ती कशामुळेही असो. त्यामुळे धुरळ्याने असो, दम्यासारख्या जुनाट ब्राँकायटिसने असो की ढिल्या श्वासनलिकेने, खोकला काही दिवस कमी होतोच. म्हणजे 'औषध लागू पडलं' यावरून आजार कोणता हे मुळीच कळत नाही. उलट हृदय कमकुवत असलेल्या कुत्र्यात स्टेरॉइडने अंगात पाणी साठून प्रकरण अंगाशी येऊ शकतं. आणि ऋतूचा योग असा की पथारी आणि खोकला एकदमच सुरू व्हायचे, एकदमच संपायचे. डॉक्टरांना दोष देऊन मोकळं होता येईल, पण दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की, साहेब, छातीचा फोटो काढायचा का?

याहून मोठी चूक आमची स्वतःची आहे. गोट्या ९ वर्षांचा असताना रेबीजची लस द्यायला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी सवयीने छातीला नळी लावली आणि म्हणाले, "हृदयात थोडा आवाज येतोय, बघून घ्या एकदा." अण्णा म्हणाले, म्हातारं होत चाललंय, येणारच आवाज. विषय संपला. ते वाक्य मला दोन वर्षांनी आठवलं.

झोपेतला श्वास मोजणे

या लेखातलं एवढं एकच घेतलं तरी पुरे. कुत्रं गाढ झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजायचं. छाती वर गेली आणि खाली आली, की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करा, किंवा सरळ मिनिटभर मोजा. निरोगी कुत्र्याचा आकडा ३०च्या खाली असतो, बहुतेकांचा बराच खाली. रोज रात्री ३०च्या वर जायला लागला तर डॉक्टरांना कळवायचं, ४०च्या वर असेल तर सकाळची वाट पाहायची नाही.

ऐकायला सोपं आहे, पण आमच्याकडे यात अडचणी येतात. एक म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास असतो, कुत्रं दिवसभर जीभ काढून धापत असतं, तो आकडा काही कामाचा नाही. पहाटे चार-पाचला मोजा, फरशी थंड झालेली असते. दुसरं, कूलर. कूलरच्या वाऱ्याने पांढरे केस असे हलतात की ४० काय, ८० श्वास मोजून होतील. मी जमिनीवर त्याच्या पातळीला आडवा होऊन मागच्या भिंतीवरच्या स्कर्टिंगच्या रेषेशी त्याची बरगडी लावून बघतो. रेष झाकली, रेष दिसली. तिसरं, स्वप्न. पाय झटकत असेल, डोळे फिरत असतील, ओठ थरथरत असतील तर थांबा, तेव्हा श्वास वाढलेलाच असतो. हात लावून मोजू नका, जागं होतं.

गोट्याचे पहिल्या तीन रात्रींचे आकडे: ४४, ४१, ४६. तोवर आम्हाला वाटत होतं तो शांत झोपतो. घोरत नव्हता, कण्हत नव्हता. खोकला सगळ्या घराला ऐकू जायचा म्हणून आम्ही तीन वर्षं खोकल्याच्या मागे धावलो, आणि हे चालू होतं ते बिनआवाजाचं. आईने त्या रात्री त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पहिल्यांदा मिरचीचं नाव न घेता म्हणाली, "याले दम लागी राह्यना."

फोटो, रक्त आणि इको

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी श्वासाचे आकडे लिहिलेली वही बघितली, नळी लावली आणि डाव्या बाजूला मोठा फुसफुस आवाज असल्याचं सांगितलं. आधी लघवीचं औषध, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं, देऊन तासभर ऑक्सिजनवर ठेवलं आणि मग फोटोला पाठवलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. दम लागलेल्या कुत्र्याला एक्स-रेच्या टेबलावर दाबून आडवं केलं तर तिथेच जीव जाऊ शकतो.

एक्स-रे माणसांच्या सेंटरमध्ये काढला. रात्री साडेनऊला पेशंट संपल्यावर मागच्या दाराने. लहान गावात असंच चालतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन गोष्टी सांगा: फोटो आडवा आणि समोरून असे दोन तरी हवेत, आणि कुत्र्याने पूर्ण श्वास आत घेतल्यावरच बटण दाबायचं. अर्ध्या श्वासात काढलेल्या फोटोत निरोगी फुफ्फुसही पांढरट दिसतं आणि हृदय उगाच मोठं वाटतं.

फोटोवर डॉक्टरांनी हृदयाची लांबी आणि रुंदी मोजली आणि ती मापं मणक्यांवर लावली, चौथ्या छातीच्या मण्यापासून पुढे किती मणके भरतात ते. बहुतेक कुत्र्यांत बेरीज साडेदहा मणक्यांच्या आत येते, जातीनुसार थोडं पुढेमागे. गोट्याची आली १२. हृदयाच्या मागच्या भागात फुफ्फुस पिंजलेल्या कापसासारखं दिसत होतं. ते पाणी.

रक्तात मूत्रपिंड, पोटॅशियम आणि पेशी तपासल्या. गोचीड तापाचीही तपासणी केली, कारण आमच्या भागात गोचीड नसलेलं कुत्रं सापडणं कठीण आणि त्या तापात रक्त कमी होऊनही धाप लागते. त्यात काही निघालं नाही. इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, सुरतेला गेलो. नंदुरबारकरांना मोठ्या दवाखान्यासाठी सुरतच जवळ. मोठी सोय हवी असेल तर नवसारी, अकोला, परळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. मात्र त्या दिवशी इको होणार का हे आधी फोनवर पक्कं करा. उन्हाळ्यात दम लागलेलं कुत्रं घेऊन निघायचं तर पहाटेची वेळ धरा.

इकोत निदान पक्कं झालं: हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळत होती. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाचा हाच आजार सर्वांत जास्त दिसतो. झडप नीट बंद होत नाही, रक्त मागच्या कप्प्यात परत येतं, तो कप्पा फुगतो आणि वरून जाणाऱ्या डाव्या श्वासनळीला दाबतो, म्हणून खोकला. पुढे दाब फुफ्फुसापर्यंत मागे गेला की तिथे पाणी झिरपतं, म्हणून धाप. डॉक्टर याच्या पायऱ्या मोजतात: ए, बी-१, बी-२, सी, डी. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं हीच पद्धत वापरतात. बी-२ म्हणजे हृदय मोठं झालंय पण पाणी अजून आलेलं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की या पायरीवर पिमोबेंडन हे हृदयाला बळ देणारं औषध सुरू केलं तर हृदय निकामी होण्याचा काळ सरासरी १५ महिन्यांनी पुढे जातो. गोट्याचं निदान झालं ते सीवर, म्हणजे फुफ्फुसात पाणी आल्यावर. लस देताना ऐकू आलेला तो 'थोडा आवाज' तेव्हा कदाचित बी-२ही नसेल, पण बघायला हवं होतं.

औषध सुरू झालं, खोकला तसाच

फ्युरोसेमाइड (ही लघवीची गोळी), पिमोबेंडन आणि हृदयावरचा ताण कमी करणारं बेनाझेप्रिल. डोस इथे मुद्दाम लिहीत नाही. वजन, पायरी आणि मूत्रपिंड पाहून तो ठरतो आणि बदलत राहतो. पिमोबेंडन रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी द्यायचं. आम्ही पहिले आठ दिवस तुपाच्या गोळ्यात घालून भाकरीबरोबर देत होतो.

लघवीच्या गोळीने गोट्या बादलीभर प्यायचा आणि घरभर मुतायचा. अण्णांनी त्यावर उपाय म्हणून रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवायला सुरुवात केली. हे अजिबात करू नका. गोळी पाणी बाहेर काढतेय आणि आत काही जात नाही, तर मूत्रपिंड सुकतं. गोट्या दोन दिवसांत मलूल पडला, जेवण सोडलं, आणि तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालत नसेल तर रक्तात साठणारा घटक, वाढलेलं निघालं. भांडं परत आलं आणि फरशीवर जुनं गोणपाट. औषध सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत मूत्रपिंडाची तपासणी परत करतात ती याचसाठी.

तीन आठवड्यांनी झोपेतला श्वास २४ ते २६वर आला. आणि खोकला? जसाच्या तसा. मला वाटलं औषध फसलं. मेडिकलवाला ओळखीचा आहे, लघवीची गोळी दुप्पट करायच्या तयारीतच होतो. बरं की आधी फोन केला.

"श्वास किती आहे?"

"पंचवीस, साहेब."

"मग फुफ्फुसात पाणी नाही. गोळी वाढवून मूत्रपिंड घालवायचंय का? उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यावर दोन बोटं हलकेच दाबली, आणि बदकासारखा तोच खोकला लगेच आला. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते, बोअरवेलच्या केसिंगसारखी. लहान जातीत वयाबरोबर ही कडी ढिली पडतात आणि नळी चपटी होते. मानेतला भाग श्वास आत घेताना दबतो आणि छातीतला सोडताना, त्यामुळे एका क्षणाच्या फोटोत कधी कधी काहीच दिसत नाही. आमच्या जुन्या आडव्या फोटोत मानेजवळ नळी बारीक झालेली होती. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष हृदयाकडे होतं.

म्हणजे आजार दोन. श्वास सांगत होता हृदयाचं, खोकला सांगत होता मुख्यतः नळीचं. आणि नळीला चिडवणारी गोष्ट कोणती? आई अर्धी बरोबर होती. मिरची.

उपाय फार मोठे नव्हते. गळ्यातला पट्टा कायमचा काढला आणि छातीपट्टा आणला. पहिल्या दिवसापासून याचाच फरक सर्वांत जास्त पडला. पथारीकडची खिडकी दिवसा बंद. मच्छर अगरबत्ती बंद, तिच्याऐवजी जाळी. देवघरातली उदबत्ती पुढच्या खोलीत गेली, यावर घरात दोन दिवस अबोला होता. काळ्या मसाल्यासाठी मिरच्या-खोबरं भाजायचं असलं की गोट्या गच्चीवर. वजन सव्वा किलो उतरवलं, कारण मानेभोवतीची चरबीही नळी दाबते. खोकला दाबायचं औषध डॉक्टरांनी सगळ्यात शेवटी दिलं, फुफ्फुस कोरडं आहे याची खात्री झाल्यावर. न्यूमोनियात खोकला दाबला तर घाण आतच राहते.

माणसांचं सिरप आपल्या मनाने देऊ नका, कितीही 'आयुर्वेदिक आहे' म्हणोत. काहींत पॅरासिटामॉल असतं, बिनसाखरेच्या काहींत गोडीसाठी झायलिटॉल. झायलिटॉल कुत्र्याला थोडंही घातक. आयब्युप्रोफेनही नको. जेवणात मीठ कमी, म्हणजे शेवभाजीचा रस्सा, पापड, लोणच्याचा खार बंद. कांदा-लसूण तसाही बंदच हवा, त्याने कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात. ज्वारीची भाकरी, वरणातली निवळ, उकडलेलं चिकन बिनमिठाचं. गोट्याने आठवडाभर उपोषण केलं आणि मग मुकाट्याने खाल्लं.

तुमचं कुत्रं मोठ्या जातीचं असेल तर हा क्रम थोडा बदलतो. म्हातारा लॅब्राडोर श्वास आत घेताना खरखरत असेल आणि भुंकणं घोगरं झालं असेल, तर स्वरयंत्राचा पक्षाघात बघायला सांगा. असं कुत्रं आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी बाहेर काढणं म्हणजे मरणच. डॉबरमनमध्ये झडपेपेक्षा हृदयाचा स्नायूच पातळ होतो. फोटोत गोल डाग दिसला तर गाठ. तरणी पिल्लं एकमेकांना लागून खोकत असतील तर तो साथीचा खोकला, त्याला एवढी शोधाशोध लागत नाही. डासांतून जाणारा हृदयातला जंत देशाच्या काही भागांत सापडतो. कुत्रं बाहेरून आणलेलं असेल तर त्याची चाचणी विचारा.

यंदाची दिवाळी झाली. पथारी पुन्हा लाल झालीये. परवा दुपारी खिडकी उघडी राहिली आणि गोट्या चार-पाच वेळा ठसकला. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मी सांगेल व्हतं ना." मी वही काढली आणि रात्री मोजलं: २६. काल २८. सलग दोन रात्री ३०च्या वर गेला की डॉक्टरांना फोन करायचा असं ठरलंय, त्यांचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय.